उताऱ्याच्या आतले उत्तर: विधी प्रवेश परीक्षेतील तर्कप्रश्नांचा सराव

विधी प्रवेश परीक्षांमध्ये तर्कावरचे प्रश्न दोन घराण्यांचे असतात. पहिल्या घराण्यात कोडी येतात: गोल टेबलाभोवती बसलेली आठ माणसे, नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, अंकमालिका. दुसऱ्यात युक्तिवाद येतात. कोणीतरी एक मत मांडतो, त्यासाठी कारणे देतो, आणि त्या कारणांच्या पायावर ते मत कितपत उभे राहते हे विद्यार्थ्याने ओळखायचे असते. दोन्हींना ‘लॉजिकल रीझनिंग’ हे एकच नाव पडले आहे, पण सराव वेगवेगळा लागतो. स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमापनाच्या पुस्तकातून तयारी करणारा विद्यार्थी पहिल्या घराण्यात तरबेज होतो, आणि दुसऱ्याशी गाठ पडली की अडखळतो. म्हणून आपली परीक्षा कोणत्या घराण्याकडे झुकते, हे सरावाला बसण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा, म्हणजे क्लॅट, २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सात विद्यापीठे होती. पहिली बारा वर्षे तिच्यात कोड्यांना चांगली जागा होती. २०२० पासून स्वरूप बदलले आणि सगळा पेपर उताऱ्यांवर आला. २०२४ च्या प्रवेशांपासून पदवी स्तराच्या पेपरात १२० प्रश्न आणि १२० मिनिटे आहेत. त्यांपैकी २२ ते २६ प्रश्न तर्काचे असतात. सुमारे ४५० शब्दांचा उतारा आणि त्याखाली प्रश्नांचा गुच्छ, अशी त्यांची मांडणी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार याच परीक्षेतून उघडते. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र ‘आयलेट’ ही आपली वेगळी परीक्षा घेते. तिच्या १५० पैकी ७० प्रश्न तर्काचे असतात, म्हणजे जवळजवळ निम्मा पेपर.

राज्याच्या सीईटी कक्षाची विधी परीक्षा वेगळ्या वळणाची आहे. पुण्याचे १९२४ सालचे आयएलएस विधी महाविद्यालय असो की मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय, तिथला प्रवेश या परीक्षेच्या गुणांवर होतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तिच्या १२० पैकी ३२ प्रश्न तर्काचे, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २४. प्रश्न सुटे आणि आटोपशीर असतात, कोड्यांचा भरणा जास्त असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि पेपर मराठीतही उपलब्ध असतो. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि त्याची वेगळी दखल पुढे घ्यावी लागेल.

उताऱ्यावरच्या तर्कप्रश्नांचे मूळ अमेरिकेतल्या एलसॅट या परीक्षेत आहे. ती १९४८ पासून घेतली जाते. तिच्यात ‘लॉजिक गेम्स’ नावाचा कोड्यांचा विभाग अनेक दशके होता. आकृत्या काढून सोडवायची ही कोडी दृष्टिहीन परीक्षार्थींना अन्यायकारक ठरतात, या मुद्द्यावर दावा झाला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग गेला. आता गुण धरले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन युक्तिवादाचे आहेत आणि एक आकलनाचा. इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांसाठी घेतली जाणारी एलनॅट परीक्षाही १२ उतारे आणि ४२ प्रश्न अशीच आहे, तिला निबंधाची जोड आहे. एकंदर वारे युक्तिवादाच्या दिशेने वाहत आहेत आणि ते योग्यही आहे. वकिलाला आयुष्यभर समोरच्याच्या म्हणण्यातला कच्चा सांधा शोधायचा असतो. टेबलाभोवती कोण कुठे बसले, हे त्याला क्वचितच विचारले जाते.

युक्तिवादाची शरीररचना

प्रत्येक युक्तिवादात तीन गोष्टी असतात: पुरावा म्हणून दिलेली विधाने, त्यांतून काढलेला निष्कर्ष आणि दोहोंमधली न बोललेली फळी, म्हणजे गृहीतक. बहुतेक सगळे प्रश्नप्रकार या तिसऱ्या भागाभोवती फिरतात. गृहीतक ओळखा असे विचारतात तेव्हा ती फळी दाखवायची असते. युक्तिवाद बळकट करा म्हटले की तिला खालून टेकू द्यायचा, कमकुवत करा म्हटले की ती काढून घ्यायची. दोष सांगा म्हटले की फळी नाही आणि तरी लेखक पलीकडे गेला, एवढे नेमक्या शब्दांत सांगायचे.

एक छोटा उतारा जवळून पाहू.

‘शहरातल्या बारा मोठ्या चौकांत गेल्या वर्षी सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्यात आले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्या चौकांतील सोनसाखळी चोरीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. कॅमेऱ्यांमुळे चोरांना धाक बसला, हे यातून स्पष्ट होते. तेव्हा महापालिकेने उरलेल्या सर्व चौकांतही कॅमेरे बसवावेत.’

यातला मुख्य निष्कर्ष कोणता, असे विचारले तर पुष्कळ विद्यार्थी तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवतात, कारण त्यात ‘स्पष्ट होते’ असे ठसठशीत शब्द आहेत. पण ते वाक्य मधली पायरी आहे. दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालून पाहावे. ‘चोरांना धाक बसला, म्हणून सर्व चौकांत कॅमेरे बसवावेत’ हे जुळते, उलट क्रमाने जुळत नाही. ज्याच्यापुढे आणखी ‘म्हणून’ जात नाही, तो मुख्य निष्कर्ष.

आता प्रश्न असा: चोरांना धाक बसला, हे म्हणताना लेखकाने काय गृहीत धरले आहे? पर्याय चार. (अ) कॅमेरे हा चोरी रोखण्याचा सर्वांत प्रभावी उपाय आहे. (ब) तक्रारींमधली घट सर्वस्वी त्याच काळात वाढवलेल्या पोलीस गस्तीमुळे झालेली नाही. (क) सोनसाखळी चोरीचा प्रत्येक गुन्हा पोलिसांत नोंदवला जातो. (ड) चौकात कॅमेरे असावेत, असे नागरिकांना वाटते.

इथे पर्याय उलटा करून पाहण्याची कसोटी कामाला येते. गृहीतक खरे असेल तर ते नाकारताच युक्तिवाद कोसळला पाहिजे. (अ) उलटा केला, कॅमेरे सर्वांत प्रभावी नाहीत असे मानले, तरी त्यांचा धाक बसलेला असू शकतो. (ड) चा चोरांशी संबंधच नाही. (क) सगळ्यांत फसवा. तक्रारींवरून चोऱ्यांचा अंदाज बांधला आहे म्हणजे प्रत्येक गुन्हा नोंदवला जात असणार, असे वाटते. पण दहांपैकी सहाच गुन्हे नोंदवले जात असले आणि हे प्रमाण आधी व नंतर सारखेच राहिले, तरी तक्रारी निम्म्या होणे म्हणजे चोऱ्या निम्म्या होणेच. म्हणून ‘प्रत्येक’ हा शब्द या पर्यायाला बुडवतो. (ब) उलटा केला तर घट सर्वस्वी गस्तीमुळे झाली, असे होते आणि कॅमेऱ्यांचा धाक हवेत विरतो. उत्तर (ब).

याच उताऱ्यात एक नवी माहिती टाकू: त्याच सहा महिन्यांत चौकांमागच्या गल्ल्यांमध्ये सोनसाखळी चोऱ्या तेवढ्याच वाढल्या. यामुळे युक्तिवाद बळकट झाला की कमकुवत? उत्तर प्रश्नाच्या नेमक्या शब्दांवर ठरते. चोर चौक सोडून गल्लीत गेले याचा अर्थ कॅमेऱ्याला ते भ्याले, म्हणजे मधली पायरी आणखी पक्की झाली. पण उरलेल्या चौकांत कॅमेरे लावून चोरी नुसतीच जागा बदलणार असेल, तर महापालिकेला दिलेल्या शिफारशीतला दम गेला. एकच माहिती एका वाक्याला टेकू देते आणि पुढच्याच्या पायाखालची वाळू काढून घेते. हे ज्याला उताऱ्यात दिसू लागले, त्याचा सराव मार्गी लागला असे समजावे.

पर्याय चुकीचे ठरण्याच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘कधीच’ अशा शब्दांनी पर्याय उताऱ्यापेक्षा मोठे बोलतो. किंवा तो बाहेरची माहिती आणतो, जी खरी असूनही इथे गैरलागू असते. किंवा उताऱ्यातलेच शब्द उचलून नाते उलटे करतो, कारणाला परिणाम म्हणतो. किंवा विचारले बळकट करायला आणि तो कमकुवत करतो. वर्तमानपत्र नेमाने वाचणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला दुसरी तऱ्हा विशेष नडते. त्याला विषयाची माहिती असते, मतही असते आणि ते मत उताऱ्यावर स्वार होते. उत्तर उताऱ्याच्या आतून यावे लागते, लेखकाचे म्हणणे कितीही न पटणारे असले तरी.

दोषांची मराठी नावे

युक्तिवादातल्या दोषांची लॅटिन आणि इंग्रजी नावे क्लासच्या वहीत लिहून दिली जातात आणि पाठ होतात. मराठी विद्यार्थ्याजवळ मात्र याहून जवळची सामग्री आहे. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीला दुसरीचे कारण मानणे, हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडणे. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. दोन भिन्न गोष्टींची ओढूनताणून तुलना म्हणजे वडाची साल पिंपळाला. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण तर नमुन्यावरून समूहाबद्दल केलेल्या अनुमानाचे नेमके वर्णन आहे, आणि तिच्यातच त्या अनुमानाची अटही दडली आहे. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला भात असेल तरच एक शीत पुरते. उताऱ्यात सर्वेक्षण आले की विचारायचे: भात एकाच पातेल्यातला आहे का?

भारतीय न्यायशास्त्रातली अनुमानाची पाच अवयवांची मांडणीही इथे आठवण्याजोगी आहे: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. यातला तिसरा अवयव नियम सांगतो आणि चौथा तो नियम समोरच्या प्रसंगाला लावतो. कायद्याच्या तर्काच्या विभागात, तत्त्व देऊन ते घटनेला लावायला सांगतात तेव्हा, नेमके हेच घडत असते. हेतूसारखा भासणारा पण हेतू नसलेला तो हेत्वाभास, आणि त्याचे प्रकार नैयायिकांनी बारकाईने पाडून ठेवले आहेत. परीक्षेसाठी ते पाठ असण्याची गरज नाही. पण धूर आणि अग्नी यांचे नाते उलटत नाही, अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असे नाही, एवढे पक्के असले तरी बरेच प्रश्न सुटतात.

‘तर’ आणि ‘तरच’

सशर्त विधाने हा या सगळ्या विषयाचा कणा आहे, आणि इथे मराठी इंग्रजीपेक्षा सरळ आहे. मराठीत सारा फरक एका ‘च’ वर येतो. ‘वय अठरा पूर्ण असेल तरच मतदान करता येते’ या वाक्यात अठरा वर्षे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. मतदार यादीत नावही लागते. या वाक्यावरून ज्याने मतदान केले तो अठरा पूर्ण आहे, असे म्हणता येते. अठरा पूर्ण नसलेल्याला मतदान करता येत नाही, असेही म्हणता येते. अठरा पूर्ण असलेल्या प्रत्येकाला मतदान करता येते, असे मात्र निघत नाही. इंग्रजी उताऱ्यात हाच ‘तरच’ ‘ओन्ली इफ’ होऊन येतो आणि ‘-शिवाय नाही’ हे ‘अनलेस’ होऊन येते. अशी वाक्ये आधी मनात ‘तरच’ मध्ये बसवून घेतली की बाण कोणत्या बाजूला काढायचा हे चटकन कळते. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याने मराठीत विचार करण्याबद्दल संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. या ठिकाणी तरी ती जमेची बाजू आहे.

काही ठिकाणी मात्र मराठी सवय दगा देते. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ याचा अर्थ बोलताना प्रसंगानुसार ‘एकही आला नाही’ असाही होतो आणि ‘काही आले, काही नाही’ असाही. तर्कात या दोहोंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा शब्द ‘काही’. बोलताना ‘काही वकील प्रामाणिक आहेत’ म्हटले की बाकीचे नाहीत, असा टोमणा त्यात ऐकू येतो. तर्कात ‘काही’ म्हणजे किमान एक, आणि सगळे असण्याची शक्यता शिल्लकच असते. इंग्रजीतल्या ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचेही तसेच. पहिला नकाराकडे कलतो, दुसरा नुसती थोडी संख्या सांगतो. अशा पंधरा-वीस शब्दांची यादी स्वतःच्या हाताने करणे हा एका दुपारचा उद्योग आहे, पण तो वर्षभर पुरतो.

कोडी

कोड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यांचा सराव कवायतीसारखा असतो आणि दोन-तीन महिन्यांत हात बसतो. बैठक व्यवस्थेत जी माहिती निश्चित जागा देते तिच्यापासून सुरुवात करायची, दोन शक्यता असतील तर दोन आकृत्या शेजारी शेजारी काढायच्या, आणि नकारार्थी अटी शेवटी वापरायच्या. नातेसंबंधांत मराठी मुलाला एक अनपेक्षित अडचण येते. मराठीत काका, मामा, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा हे वेगळे. इंग्रजी प्रश्नात सगळे ‘अंकल’. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि त्यांच्या बहिणीही ‘कझिन’ या एका शब्दात येतात. तो शब्द वाचताच मनात एखादे नेमके नाते उभे राहते आणि उताऱ्यात नसलेली माहिती आत शिरते. म्हणून वंशवृक्ष काढायचा, आणि ज्या व्यक्तीचे लिंग सांगितलेले नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्हच ठेवायचे.

सराव कसा

सरावाचे माप किती प्रश्न सोडवले हे धरले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. दिवसाला शंभर प्रश्न सोडवून उत्तरसूचीशी ताडून पाहणारा विद्यार्थी तीच चूक शंभरदा पक्की करत असतो. एका बैठकीत दोन उतारे पुरे आहेत, पण त्यांतल्या प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांबद्दल एकेक वाक्य लिहिले पाहिजे. बरोबर पर्याय का बरोबर, हे सांगणे सोपे असते. उरलेले तीन का चुकीचे, हे नेमके सांगता आले तरच प्रश्न सुटला असे मानावे. बरोबर आलेल्या उत्तरांनाही हेच लागू आहे. अंदाजाने लागलेला बाण पुढच्या वेळी चुकतो.

चुकांची वही हे या अभ्यासाचे खरे पाठ्यपुस्तक. तिच्यात प्रश्न उतरवून काढायची गरज नसते. ‘मधल्या पायरीला निष्कर्ष समजलो’, ‘“बहुतेक”ला “सर्व” वाचले’, ‘स्वतःचे मत आणले’, ‘घाईत “वगळता” हा शब्द सुटला’ अशा छोट्या नोंदी आणि त्यापुढे तारीख पुरते. महिन्याभराने वही चाळली की आपल्या बहुतेक चुका तीन-चार प्रकारांतच मोडतात, हे ध्यानात येते. मग त्याच प्रकारांवर बसायचे. चुकलेला उतारा तीन आठवड्यांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावा. तेव्हा उत्तराचा क्रमांक आठवला तरी कारण आठवते का, ते कळते.

पहिले दोन महिने घड्याळ बाजूला ठेवावे. अचूकता बसल्यावर वेग आणता येतो, उलटे फार कठीण. या काळात रोजच्या वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घेऊन त्याचा मुख्य निष्कर्ष एका वाक्यात, आधार दोन वाक्यांत आणि गृहीतक एका वाक्यात लिहिण्याची सवय उपयोगी पडते. तर्काची घडी मराठी अग्रलेखावरही तितकीच बसते. इंग्रजी वाचनाचा वेग मात्र इंग्रजी वाचूनच येतो, तेव्हा क्लॅट देणाऱ्याने दोन्ही करावे. बहुमताचा आणि असहमतीचा असे दोन्ही निकाल असलेले सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे यासाठी उत्तम, कारण त्याच तथ्यांवरून दोन न्यायमूर्ती वेगळ्या जागी कुठून वळतात, ते त्यांत दिसते. सोबती असेल तर आणखी चांगले: एकाने चुकीच्या पर्यायाची बाजू मनापासून लढवायची, दुसऱ्याने ती पाडायची.

सामग्री निवडताना जुने अधिकृत पेपर आधी. क्लॅटचे २०२० नंतरचे पेपर आणि विद्यापीठांच्या संघाने दिलेले नमुना पेपर हे पहिले. ते संपल्यावर एलसॅटचे प्रसिद्ध झालेले जुने पेपर घ्यावेत. त्यांतले उतारे आखूड असतात, पण पर्यायांची घडण फार काटेकोर असते. खासगी मॉक परीक्षा वेळेच्या सरावासाठी चांगल्या, तर्क शिकण्यासाठी सरसकट नाहीत, कारण त्यांतल्या काही प्रश्नांना दोन उत्तरे चालतात आणि विद्यार्थी स्वतःला दोष देत बसतो. उत्तरसूची ही काही ब्रह्मवाक्य नव्हे. १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या क्लॅटच्या उत्तरसूचीवरचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि काही उत्तरांमध्ये न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. उत्तरसूचीशी मतभेद झाला तर आपली बाजू लिहून काढावी आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचावी. बहुतेक वेळा चूक आपलीच निघते. कधी तरी निघत नाही.

घड्याळ आणि उणे गुण

क्लॅटमध्ये तर्कासाठी साधारण अठ्ठावीस मिनिटे हाताशी येतात, असे धरून हिशेब मांडता येतो. ४५० शब्दांचे साडेचार-पाच उतारे म्हणजे दोन हजारांहून थोडे जास्त शब्द. मिनिटाला दोनशे शब्दांच्या गतीने नुसत्या वाचनातच दहा-अकरा मिनिटे जातात. उरलेल्या सतराएक मिनिटांत चोवीस प्रश्न, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिटाच्या आतच. उतारा दुसऱ्यांदा पूर्ण वाचायला वेळ नाही, हे यातून उघड होते. पहिल्याच वाचनात निष्कर्षाखाली रेघ आणि ‘परंतु’, ‘तरीही’, ‘यावरून’ अशा वळणाच्या शब्दांना गोल, एवढी खूण करून ठेवली की परत कुठे यायचे ते ठाऊक असते. उतारा अनोळखी विषयाचा आणि बोजड असेल तर तो शेवटी घ्यावा. प्रश्न सोडून पुढे जाण्याचा सरावही घरीच करावा लागतो, परीक्षागृहात तो सुचत नाही.

क्लॅटमध्ये आणि आयलेटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. या भीतीने अनेक विद्यार्थी अर्धवट कळलेला प्रश्न कोरा सोडतात. गणित त्यांच्या बाजूचे नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी हाती ०.०६ गुण येतो, म्हणजे जवळपास काहीच नाही, पण तोटाही नाही. एक पर्याय खात्रीने बाद केला तर ही सरासरी ०.१७ होते. दोन बाद केले तर ०.३८. राज्याच्या सीईटीत उणे गुणच नाहीत, तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. क्लॅटमध्ये दोन पर्याय उरले की पुन्हा प्रश्नाकडे जायचे, कशाला बळकटी विचारली आहे, मधल्या पायरीला की शेवटच्या शिफारशीला, ते पाहायचे, उरलेल्या दोहोंपैकी जो उताऱ्यापेक्षा मोठा बोलतो तो खोडायचा, आणि दुसऱ्यावर खूण करून पुढच्या उताऱ्याकडे वळायचे.